दम खा, अलके

दिल्लीत राहणाऱ्या मुलीचं नाव अलकनंदा ठेवू नये, हे तिच्या आईबाबांना कोणी वेळेवर सांगितलं नाही. लग्नानंतर ते दोघं बद्रीनाथला गेले होते, तिथली नदी बघून भारावले, आणि मुलगी झाल्यावर नदीचं नाव देऊन मोकळे झाले. दिल्लीत अलकनंदा नावाची एक अख्खी वसाहत आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यामुळे नवीन कोणी भेटलं की पहिला प्रश्न 'नाम क्या है' आणि दुसरा 'कौन सा ब्लॉक' असा यायचा. आठवीपर्यंत अलकनंदा मोहिते या विनोदावर कसनुसं हसायची. नववीत आल्यावर तिला उत्तर सापडलं. "ब्लॉक में नहीं, ट्रॅक पे मिलती हूँ," असं म्हणून ती वेणी झटकायची आणि पुढं जायची. हे उत्तर आणि तो झटका दोन्ही आरशासमोर बसवलेले होते, पण ते जगाला कळायचं काही कारण नव्हतं.

आणि ट्रॅकवर ती खरंच भेटायची. पंधराशे मीटर, म्हणजे शाळेच्या मैदानाच्या पाच फेऱ्या, ती अशा ऐटीत पळायची की बघणाऱ्याला वाटावं, ही पहिली येणार. यायची दुसरी. पहिली यायची विजी. विजीचं पूर्ण नाव विजयालक्ष्मी, घर आर. के. पुरमच्या त्याच सेक्टरमध्ये, मागच्या ब्लॉकात. विजीची आई रोज सकाळी वाफेवरच्या इडल्या द्यायची आणि विजी त्या बसमध्ये वाटून टाकून दुसऱ्यांचे छोले, पराठे, मॅगी असं मिळेल ते खायची. उरलेल्या रस्त्यात खिडकीला डोकं टेकून झोपायची. बसमधून उतरताना एक डोळा मिटलेला असायचा. आणि तरी पहिली यायची.

अलकनंदाच्या दुसरं येण्यामागे एक युक्ती होती, जी तिनं स्वतःलासुद्धा नीट सांगितलेली नव्हती. शेवटच्या फेरीत छाती भात्यासारखी व्हायला लागली की ती थोडंसं मागे ठेवायची. डब्यातली शेवटची वडी झाकून ठेवावी, तसं. म्हणजे हरल्यावर म्हणता यायचं, मी पूर्ण जोर लावलाच नव्हता यार, लावला असता तर बघितलं असतंस. सगळा जोर लावला आणि तरीही हरलं, तर मग म्हणायला काय उरतं?

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. पण त्या वर्षी दिवाळीच्या आधी आईनं फर्मान काढलं. विभागीय स्पर्धेसाठी शाळेच्या संघात पंधराशेला एकच मुलगी घेणार होते आणि डिसेंबरच्या सुरुवातीला त्याची चाचणी होती. निवड झाली तर पळ, आई म्हणाली, दहावीतसुद्धा पळ, मी आडवी येणार नाही. नाही झाली तर बूट माळ्यावर आणि जानेवारीपासून संध्याकाळी मॅथ्सची ट्यूशन. बाबा मंत्रालयात अंडर सेक्रेटरी होते. त्यांनी फाईलवर लिहावं तसं दोन्ही बाजूंचा विचार व्हायला हवा असं मत दिलं, आणि मग आईकडे बघून आईच्या बाजूनं सही केली.

अशा वेळी कराडहून सुमित्राआत्या आल्या.

आत्या बाबांच्या थोरल्या बहीण. जन्मभर कराडच्या एका शाळेत पी.टी.च्या बाई होत्या. निवृत्त झाल्या तरी गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नव्हती. निजामुद्दीन स्टेशनवर कुली दुसऱ्याच डब्याकडे पळाला तेव्हा त्यांनी ती वाजवली, आणि कुलीच नाही तर एक पोलीसही थांबला. बरोबर नाचणीचं पीठ, गूळ, आणि घरात शिरल्या शिरल्या लागू झालेले नियम. त्यातला पहिला होता, पानात काही टाकायचं नाही. घेतलंय ते संपवायचं, ताट असं दिसलं पाहिजे की घासायची गरज पडू नये. अलकनंदाला ताटात शेवटचा घास ठेवायची सवय होती. तो घास आत्या बोटानं दाखवायच्या आणि तो पोटात जाईपर्यंत बोट खाली यायचं नाही.

आत्यांचं हिंदी म्हणजे मराठीच होतं, फक्त शेवटी 'है' लावलेलं. आणि अलकनंदाचं मराठी म्हणजे जवळजवळ हिंदीच, फक्त शेवटी 'आहे' लावलेलं. "मी थकून गेली" असं ती म्हणाली की आत्या कानावर हात ठेवायच्या. पण मैदान दोघींनाही कळायचं, त्यामुळे दोन दिवसांत दोघींचं गूळपीठ जमलं. तिसऱ्या दिवशी आत्या साडीवर पांढरे बूट चढवून थेट शाळेच्या मैदानावर हजर झाल्या.

खेळाचे सर होते दहिया सर, रोहतकचे. त्यांना अलकनंदाची ती झाकून ठेवलेली वडी पहिल्याच महिन्यात दिसली होती. घरचं कोणीतरी आलंय म्हटल्यावर त्यांनी संधी सोडली नाही. आत्यांना नमस्कार करून, अलकनंदाकडे बघत, ते म्हणाले, "मॅडम जी, छोरी में सब कुछ है. बस, आखिरी चक्कर में भी दम नहीं लगाती."

अलकनंदानं मान खाली घातली. गेलं, संपलं, आता हे आईपर्यंत जाणार. तिला वाटलं आत्या शिट्टी फुंकणार. पण आत्यांचा चेहरा उजळला. त्यांनी दहिया सरांना दोनदा विचारलं, सच्ची? आखिरी में भी नहीं? सर म्हणाले, बिल्कुल नहीं, यही तो बात है. आत्या हात जोडून म्हणाल्या, "उपकार है आपका." सर जरा गोंधळले. तक्रारीबद्दल उपकार मानणारे पालक त्यांनी रोहतकमध्ये पाहिले नव्हते आणि दिल्लीत तर नाहीतच.

घोळ काय झाला ते अलकनंदाला घरी आल्यावर कळलं. आत्यांनी बूट काढायच्या आधी दारातूनच आईबाबांना हाक मारून जाहीर केलं, "सुनंदा, सूर्या, इकडे या. सर काय म्हणाले माहितीये? आपल्या पोरीला दम म्हणून लागत नाही. शेवटच्या फेरीतसुद्धा नाही."

हिंदीत दम लगाना म्हणजे जोर लावणं. मराठीत दम लागणं म्हणजे धाप लागणं. सरांनी म्हटलं होतं की पोरगी जोर लावत नाही. आत्यांनी ऐकलं होतं की पोरीला धापच लागत नाही. दिल्लीपासून कराडपर्यंतचं सगळं अंतर त्या एका शब्दात मावलं होतं. अलकनंदानं तोंड उघडलंही होतं. पण आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच पळण्याबद्दल काहीतरी कौतुकासारखं दिसलं. अलकनंदानं तोंड मिटलं. खरं सांगायचं तर खोटं ती एक अक्षरही बोलली नाही. तिनं फक्त भाषांतर केलं नाही.

त्याची शिक्षा लगेच सुरू झाली. अशी देवदत्त छाती असलेली मुलगी घरात असताना, आत्या म्हणाल्या, हे घर असं चाललंय? रात्री दहाला जेवण, बारापर्यंत टीव्ही, सकाळी चहाबरोबर मैद्याची बिस्किटं? खेळाडू मैदानावर घडत नाही, घरात घडतो. बाबांनी याला 'लाइफस्टाइल फॅक्टर्स' असा शब्द दिला. त्यांच्या ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी त्यावरचा लेख पाठवला होता: झोप, आहार, पाणी, ताण यांचा खेळाडूच्या कामगिरीवर कसा परिणाम होतो. बाबांनी तो वाचला, आईला पाठवला, वरच्या मजल्यावरच्या चड्ढा आंटींना पाठवला, आणि अलकनंदाला पाठवायला गेले तेव्हा लक्षात आलं की तिचा फोन आत्यांनी कपाटात ठेवलाय.

मग घर बदललं. सात वाजता जेवण. नऊ वाजता दिवे, टीव्ही, वायफाय सगळं बंद. सकाळी भिजवलेले बदाम, नाचणीची पेज आणि दुधीचा रस, जो हिरवा होता आणि चवीलाही हिरवाच लागायचा. संध्याकाळी सगळ्यांनी सेक्टरभोवती चालून यायचं, कारण एकट्या खेळाडूला शिस्त लावली तर तिला एकटं वाटेल असं आत्यांचं म्हणणं पडलं. चड्ढा आंटी रस प्यायला खाली येऊ लागल्या. येताना स्वतःचा ग्लास आणायच्या.

आणि परिणाम झाला. फार सुंदर झाला. पंधरवड्यात बाबांची ॲसिडिटी गेली, पँट कमरेला सैल झाली आणि ते ऑफिसला जाताना शीळ घालू लागले. आईचं कपाळ दुखायचं थांबलं. ती रात्री अंथरुणाला पाठ टेकली की झोपायची आणि सकाळी ताजीतवानी उठून, असं कधी वाटलंच नव्हतं वन्सं, म्हणायची. चड्ढा आंटींचे गुडघे लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये पहिल्यांदाच कुरकुर न करता जिना चढले. लाइफस्टाइलचा कामगिरीवर परिणाम होतो हे अख्ख्या ब्लॉकनं मान्य केलं. फक्त जिच्या कामगिरीसाठी हे सगळं चाललं होतं ती हळू पळायला लागली.

आधी थोडी. मग चांगलीच. दुसरी यायची ती तिसरी यायला लागली, मग एकदा चौथी. तीही अशा मुलीच्या मागे, जी खरं तर भालाफेकीत होती आणि मैदानाला सहज म्हणून चक्कर मारत होती.

एक तर पहाट. दहिया सर दिवाळीनंतर शाळा सुटल्यावर, ऊन असताना सराव घ्यायचे आणि त्याला कारण होतं. आत्यांना ते पटलं नाही. पहाटेची शुद्ध हवा, असं त्या म्हणायच्या, आणि हे तीन शब्द कराडमध्ये इतकी वर्षं खरे होते की दिल्लीत येऊन ते खोटे होतील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यामुळे दुपारच्या सरावाआधी घरचा एक सराव पहाटे. समोरचा दिव्याचा खांब दिसायचा नाही, सगळीकडे राखाडी रंग भरलेला, त्याला जळक्या टायरचा वास. आत्या कोपऱ्यावर उभ्या राहून छाती भरून श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, काय धुकं पडलंय, थेट महाबळेश्वर.

"आत्या, हे धुकं नाहीये. स्मॉग आहे," अलकनंदा खोकत म्हणाली.

"आपण राहतो त्या गावाला नावं ठेवू नयेत," आत्या म्हणाल्या. "चल, अजून एक फेरी."

दुसरं म्हणजे झोप. नऊला दिवे बंद झाल्यावर अलकनंदा छताकडे बघत पडायची. बाहेर आईबाबा चवड्यांवर चालायचे. कोणाच्या हातून भांडं पडलं की तीन माणसं एकमेकांना दटावायची, आणि त्या दटावण्यानं ती जी काही पेंगलेली असायची तीही खडबडून जागी व्हायची. सकाळी आत्या विचारायच्या, झोप लागली का? मग आई, झोप लागली का गं? मग बाबा दाढी करता करता. मग जिन्यात चड्ढा आंटी, नींद आई बेटा? एवढ्या लोकांना उत्तर द्यायचंय या काळजीनं तिला दुसऱ्या दिवशीही झोप लागायची नाही. आधी ती अकराला फोन उशीखाली ठेवून दोन मिनिटांत मेल्यासारखी झोपायची. ते दिवस तिला आता कोणाच्या तरी बालपणासारखे वाटत होते.

दहिया सरांनी पुन्हा आत्यांना गाठलं. या वेळी त्यांचा आवाज जरा चढलेला होता. मॅडम जी, आजकल तो बिल्कुल ही दम नहीं लगाती. आत्यांनी घरी येऊन दुधीत आवळा वाढवला आणि बाबांना सांगितलं, बघ, फरक पडतोय.

ही गंमत अलकनंदानं विजीला सांगितली तेव्हा विजी बसमध्ये इतकी हसली की हातातला कोणाचा तरी पराठा खाली पडला. मग हसणं थांबवून तिनं विचारलं, पण तू खरंच का नाही लावत? अलकनंदा म्हणाली, लावेन ना, चाचणीत लावेन. विजी म्हणाली, हे तू सहावीपासून म्हणतेयस. आणि डोकं खिडकीला टेकून झोपून गेली. ही विजीची वाईट सवय होती. खरं काहीतरी बोलायची आणि झोपायची.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी अलकनंदा विजीकडून केमिस्ट्रीची वही घेऊन परत येत होती. उद्या हरलं तर बूट माळ्यावर. आणि ती हरणार हे तिला दिसत होतं, कारण आता झाकून ठेवायलाही डब्यात काही उरलं नव्हतं. मार्केटच्या कोपऱ्यावर टिक्कीवाल्याचा तवा चुरचुरत होता. तिनं सवयीनं मान वळवली, आणि तिथंच थांबली.

आत्या रोज संध्याकाळी मलाई मंदिरात दर्शनाला जातात असं घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या वेळी त्या टिक्कीवाल्यासमोर उभ्या होत्या. हातात पानाचा द्रोण, गळ्यात शिट्टी. "थोडी और चटणी डालो है," असं त्या म्हणत होत्या, आणि टिक्कीवाला न विचारता हिरवी चटणी घालत होता, म्हणजे ओळख जुनी होती.

दोघींची नजरानजर झाली. आत्यांनी तोंडातला घास सावकाश गिळला.

"मी खेळाडू नाहीये," त्या म्हणाल्या.

अलकनंदानं आत्यांच्या द्रोणाकडे, मग आत्यांकडे, मग पुन्हा द्रोणाकडे पाहिलं. पी.टी.च्या बाईंना मैदान कळतं तशी हारही कळते. आत्यांनी टिक्कीवाल्याला बोटानं अजून एक अशी खूण केली.

दोघींनी फुटपाथच्या कठड्यावर बसून टिक्की खाल्ली. अलकनंदाला इतक्या दिवसांनी कशाची तरी चव लागली. कडेचा कुरकुरीत भाग तिनं शेवटी खायला ठेवला होता. आत्यांचं बोट आपोआप वर झालं, तिनं तोही खाल्ला. मग आत्यांनी हळूच विचारलं, सुनंदाला सांगणारेस का?

तीन आठवड्यांपूर्वीची अलकनंदा 'नाही नाही' म्हणाली असती. आत्ताची म्हणाली, "एका शर्तीवर. उद्या सकाळी कोणी मला विचारायचं नाही, झोप लागली का. कोणीच नाही. चड्ढा आंटीनेपण नाही."

"चड्ढा आंटींनीपण," आत्यांनी चूक दुरुस्त केली. मग म्हणाल्या, "बरं."

आत्यांनी शब्द पाळला, आपल्या पद्धतीनं. घरी जाऊन त्यांनी जाहीर केलं की मोठ्या शर्यतीआधी खेळाडूशी आणि खेळाडूसमोर कोणी बोलत नसतं, मौन असतं. बाबांना हे इतकं पटलं की त्यांनी जेवताना मीठसुद्धा खुणेनं मागितलं. चवड्यांवर चालणंही आत्यांनी बंद करवलं. मौनात माणसानं नेहमीसारखं चालायचं असतं म्हणे. अलकनंदानं पोटभर जेवून, बाहेर भांड्यांचा रोजचा खणखणाट ऐकत डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा खिडकीत ऊन होतं. पहाटेची शुद्ध हवा आत्या एकट्याच खाऊन आल्या होत्या.

चाचणी दुपारी होती. आकाश त्या दिवशी चक्क निळ्याच्या जवळपास होतं. आत्या बाबांचा मफलर कानाला गुंडाळून शेवटच्या वळणावर उभ्या राहिल्या. आईनं हाफ डे टाकला होता. ती गेटजवळ थांबली होती, हाताची घडी घालून, माळ्यावर जागा करून आल्यासारखी.

शिट्टी दहिया सरांची वाजली. पहिली फेरी सगळ्याच मुली ऐटीत पळाल्या. दुसरीत ऐट गळली. तिसरीत विजी पुढे गेली, नेहमीसारखी, अर्धवट झोपेत असल्यासारखी, आणि अलकनंदा तिच्या मागे. कितीतरी दिवसांनी पाय तिचे स्वतःचे वाटत होते. चौथी फेरी संपताना मात्र छातीचा भाता सुरू झाला. कानात हवेचा आवाज, तोंडात लोखंडाची चव. समोर विजीची पाठ, आणि आत कुठंतरी तो ओळखीचा, समजूतदार आवाज: पुरे आता. थोडं राहू दे. दुसरी आलीस तरी म्हणता येईल.

तेवढ्यात वळणावरून आत्या ओरडल्या, "दम खा! अलके, दम खा!"

आत्यांना काय म्हणायचं होतं ते कराडमध्ये शेंबड्या पोरालाही कळलं असतं. जिला कधी धाप लागत नाही असं खुद्द सरांनी सांगितलेलं, ती पोरगी लोहाराच्या भात्यासारखी धापा टाकत होती. आत्यांचा जीव थाऱ्यावर राहिला नव्हता. जरा थांब, श्वास घे, जिवापेक्षा शर्यत मोठी नाही, एवढा सगळा अर्थ त्या दोन शब्दांत होता.

पण अलकनंदाचं मराठी कराडचं नव्हतं. दम लागणं तिला माहीत होतं, दम देणं माहीत होतं, ते आई रोजच करायची. दम खाणं तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं ऐकलं ते आत्यांचं नेहमीचं खाण्याचं फर्मान. बदाम खा, पेज खा, तसं दम खा. आणि आत्यांचं खाणं म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. पानात काही टाकायचं नाही. आहे ते सगळं संपवायचं. वळणावर आत्यांनी हातही पुढे केला होता, थांब म्हणून. अलकनंदाला त्यात फक्त ते बोट दिसलं, शेवटच्या घासाकडे रोखलेलं.

तिनं डब्याचं झाकण उघडलं आणि झाकून ठेवलेलं ते जे काही होतं ते खाऊन टाकलं.

पुढचं तिला नीट आठवत नाही. विजीची पाठ जवळ आली, मग विजीचा खांदा, मग विजीचा एक आश्चर्यानं पूर्ण उघडलेला डोळा. विजीही सोडणारी नव्हती. तिनं दात आवळले आणि दोघी जवळजवळ एकमेकींना चिकटून पळाल्या. शेवटच्या काही पावलांत अलकनंदाला एकदम वाटलं, हरले तर आता म्हणायला काहीच नाही. आणि गंमत म्हणजे त्याची भीती वाटायलाही तिच्याकडे काही शिल्लक नव्हतं.

ती पुढे होती. हातभर असेल, पण पुढे.

दोघी गवतावर आडव्या पडल्या. विजी छताकडे बघावं तशी आकाशाकडे बघत म्हणाली, "तेरे को हुआ क्या है?" अलकनंदाकडे श्वासच नव्हता. तिनं विजीचा हात धरला, विजीनं तो झटकला, मग पुन्हा धरला. नंतर कळलं की सरांनी विजीला आठशेसाठी आधीच ठरवून ठेवलं होतं, पण ते त्यांनी दोघींनाही सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर विजी पळता पळता झोपली असती.

दहिया सर धावत आत्यांकडे गेले. त्यांचे डोळे चमकत होते. "मॅडम जी, देखा? आज लगाया है छोरी ने दम!"

आत्यांचा चेहरा पडला. "देखा है," त्या खिन्नपणे म्हणाल्या. "बहुत लगा है. मैं कब से चिल्लाती है."

सरांना वाटलं बाई फार विनयी आहेत. त्यांनी अजूनच आदरानं विचारलं, कल क्या खिलाया था इसको? आत्यांनी अलकनंदाकडे पाहिलं. अलकनंदा गवतावरून आत्यांकडे बघत होती. आई गेटपासून चालत तिथंवर येऊन पोचली होती.

"दूधी," आत्या म्हणाल्या.

"दूध?" सरांनी मान डोलावली. "बढिया." आणि त्यांनी तिथल्या तिथं फर्मान काढलं की उद्यापासून सगळ्या मुलींनी रोज दोन ग्लास दूध प्यायचं. विजीला दुधाचा वासही सहन होत नाही. तिनं अलकनंदाकडे असं पाहिलं, की शर्यत हरल्याचं तिला एवढं वाईट वाटलेलं नव्हतं.

घरी आईनं शब्द पाळला. पळ, म्हणाली, दहावीतसुद्धा पळ. मग जरा थांबून तिनं पुढचं वाक्य उच्चारलं: पण हे जे चाललंय ते चालू राहायला हवं, बोर्डाच्या अभ्यासालाही हीच लाइफस्टाइल उपयोगी पडेल. बाबांनी ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं की लेखातलं सगळं आपल्या घरात सिद्ध झालं आहे. चड्ढा आंटी मिठाई घेऊन आल्या आणि ती आत्यांच्या हवाली करून रस पिऊन गेल्या. आणि आत्या सर्वांना समजावून सांगत होत्या की पोरगी जिंकली खरी, पण आज तिला दम लागला. हे लक्षण चांगलं नाही. तयारीत कुठंतरी कमी पडलो. संक्रांतीला परत जायचा त्यांचा विचार होता, तो त्यांनी होळीपर्यंत पुढे ढकलला, आणि दुधीत कारलं घालावं का यावर आईचं मत विचारलं.

अलकनंदा पाटावर बसून हे ऐकत होती. तिच्याजवळ दोन्ही भाषा होत्या. एका वाक्यात तिला सगळं उलगडून सांगता आलं असतं, आणि कारलं टळलं असतं. पण मग आईला कळलं असतं की सर इतके दिवस काय सांगत होते. आणि आत्यांना कळलं असतं की घरभर अभिमानानं मिरवलेलं ते वाक्य तक्रार होतं. तिनं दुसरंच विचारलं.

"आत्या, दम खा म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे? जरा थांब. श्वास घे. ऐकू नाही आलं तुला?"

"आलं," अलकनंदा म्हणाली. तिनं ताटाकडे पाहिलं. ताट लख्ख होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्यांनी मफलर गुंडाळला, चपला घातल्या आणि दर्शनाला जाऊन येते म्हणाल्या. अलकनंदा अभ्यासावरून उठून त्यांच्या मागोमाग जिन्यात आली. आईनं आतून विचारलं, तू कुठं निघालीस?

"आत्याबरोबर. जरा दम खाऊन येते."

जिन्यात आत्या थबकल्या. मग कानावरचा मफलर नीट करत, मागे न बघता म्हणाल्या, "बरोबर बोललीस. पहिल्यांदाच."